अंड्याच्या दोन फोडी

रेवदंड्याच्या इंग्रजी शाळेत दयाराम विठोबा राऊत नावाचे ड्रॉइंग मास्तर होते. ड्रॉइंग मास्तर म्हणजे पानातली चटणी. असली तर बोटं चाटतील, नसली म्हणून कुणी पानावरून उठत नाही. गणिताच्या मास्तरांना मुलं भीत, संस्कृतच्या शास्त्रीबुवांना मुलांचे बाप भीत, दयाराम मास्तरांना कुणीच भीत नसे. पण असा हट्टी माणूस साऱ्या अष्टागरात शोधून सापडला नसता.

हट्ट एकच. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही. पपई काढायची तर पपई बाकावर पाहिजे. खेकडा काढायचा तर खेकडा पाहिजे, आणि तो जिवंत असला तर मुलांनी पाय वर घेऊन बसावं. १९२२ साली इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले आणि भिंतीवरच्या तक्त्यातला सिंह मुलांकडून काढून घ्या म्हणाले. मास्तर म्हणाले, "साहेब, सिंह मी बघितलेला नाही. बोकड चालेल काय?" साहेब हसले. हेडमास्तर बाळाजीपंत हसले नाहीत. मुलांनी त्याच दिवशी मास्तरांचं नाव बोकड ठेवलं आणि ते त्यांना नोकरी संपेपर्यंत पुरलं.

मूळचे ते नागावचे. नारळी-पोफळीची वाडी होती, ती थोरला भाऊ बघायचा. हे मुंबईला जाऊन ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन आले आणि रेवदंड्याला भाड्याच्या घरात बायकोसह राहिले. बायको नीराबाई. अक्षरओळख नव्हती, पण बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती.

वीस वर्षांत मास्तरांनी गावासाठी काय रंगवलं नाही? नाटकाचे पडदे रंगवले, लग्नघरच्या भिंतींवर गणपती काढले, कोळ्यांच्या होड्यांच्या नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकाला, नावं घातली. कुणाच्या होडीवर आईचं नाव, कुणाच्या होडीवर देवीचं. स्वतःचं नाव मात्र कुठे नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एकदा बारीक अक्षरात घातलं होतं, ते नाटक मंडळींनी पडदा दुमडून शिवताना आत घातलं. मास्तर कुणाला बोलले नाहीत. नीराबाईंना मात्र ठाऊक होतं की ह्या माणसाला आपलं नाव एकदा छापून आलेलं बघायचं आहे.

१९२६च्या दिवाळीनंतर बाळाजीपंतांनी त्यांना घरी बोलावलं. पंत एका इंग्रजी पुस्तकावरून शाळेच्या मुलांसाठी मराठीत प्राणी-वनस्पतींचं पुस्तक लिहीत होते. पुण्याला छापायचं ठरलं होतं, चोवीस चित्रं हवी होती.

"पहिल्या पानावर माझ्या नावाखाली तुमचं नाव येईल," पंत म्हणाले. "चित्रे, दयाराम विठोबा राऊत."

मास्तरांनी ही बातमी वहाणा काढायच्या आधी, अंगणातूनच नीराबाईंना सांगितली.

तेवीस चित्रं धडाधड झाली. जास्वंद परसातली, वटवाघूळ देवळातलं, बेडूक विहिरीवरचा. चोविसावं अडलं. त्याच्या मजकुरात पंतांनी लिहिलं होतं, 'कोंबडीच्या अंड्याच्या प्रथम दोन समान फोडी होतात, मग चार, मग आठ, आणि अशा रीतीने पिल्लू बनते.' इंग्रजी पुस्तकात शेजारी चित्र होतं. एक गोल, मग मधोमध चिरलेला गोल, मग चार फाकी.

आता यात गोम अशी होती की इंग्रजी पुस्तकात नुसतं अंडं म्हटलं होतं आणि चित्र होतं समुद्रातल्या कुठल्याशा काटेरी प्राण्याच्या अंड्याचं. पण आपल्याकडे अंडं म्हटलं की ते कोंबडीचंच. माशाच्या पोटात असते ती गाभोळी, तिला अंडी म्हणाल तर कोळीण तोंडावर हसेल. बेडकाची असते ती नुसती बुळबुळ. तेव्हा पंतांनी मुलांना सोपं जावं म्हणून 'कोंबडीच्या' हा शब्द पदरचा घातला. पंत कडक शाकाहारी. अंडं त्यांनी जन्मात फोडलेलं नव्हतं.

मास्तरांच्या घरी मासे शिजत, कोंबडी शिजत नसे. अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं नीराबाईंनी सांगून टाकलं. मग मास्तर आपलं भिंग घेऊन मोहल्ल्यात गेले, जैबुन्निसाकडे.

जैबुन्निसाचा नवरा नुरुद्दीन आगबोटीवर सारंग होता, वर्षातून एकदा घरी यायचा. तिने परसात तीसेक कोंबड्या पाळल्या होत्या. गावातल्या बायका आपली अंडी तिच्या खुडूक कोंबडीखाली अर्धेलीने ठेवायला आणत. पिल्लं निघाली की निम्मी हिची, निम्मी तिची. कुणाचं अंडं कुठलं ते कळावं म्हणून ती प्रत्येकावर कोळशाने खूण करी. त्यावरून आजवर एक भांडण झालं नव्हतं.

मास्तरांनी तिथे अंडी फोडायला घेतली. एक त्याच सकाळचं, एक काल घातलेलं, एक कोंबडीखाली रात्रभर राहिलेलं. ताटलीत ओतायचं आणि भिंग लावून पिवळ्याला कुठे चीर दिसते का ते बघायचं. पिवळा आपला अखंड, गुळगुळीत. दहा अंडी झाली. दहाचा पोळा झाला आणि तो जैबुन्निसाच्या मुलीने, तैयबाने खाल्ला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मास्तरांनी रोज यावं असं तिला मनापासून वाटायला लागलं.

अकराव्या अंड्याला जैबुन्निसाने विचारलं, "मास्तर, तुमी शोधता तरी काय?"

"भाभी, पिवळ्याच्या दोन फोडी होतात म्हणे. त्या बघायच्या आहेत."

"पिवळ्याच्या? कुनी सांगितला?"

"पुस्तकात आहे."

ती हसायला लागली. मग हात पुसून शेजारी बसली आणि एकेक सांगायला लागली. पिवळा म्हणजे पिल्लू नव्हे, पिल्लाचा खाना. एकविसाव्या दिवशी उरलासुरला पिवळा पिल्लू पोटात ओढून घेतं आणि मग कवच फोडतं. "म्हनून तर आमी दोन दिस दाना टाकत न्हाय. पोट भरूनच येतो तो." पिल्लू कुठून होतं? तिने बोटाने दाखवलं. पिवळ्यावर मसुरीच्या डाळीएवढा एक पांढुरका ठिपका होता. "ह्याच्यातून. अंडा कसाबी फिरवा, हा वरतीच येतो, कोंबडीच्या पोटाकडे. ज्याच्यात कडी दिसते त्याच्यात पिल्लू हाय. नुसता डाग असला तर फुकट."

मास्तरांनी ठिपक्यावर भिंग धरलं. कडी दिसली, फोडी दिसल्या नाहीत. दिसणार कशा? अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर यायला अख्खा दिवस लागतो आणि तेवढ्यात त्या ठिपक्याचे हजारो कण होऊन गेलेले असतात. भिंगाला ते कुठले दिसायला. फोडी बघायच्या तर अंडं घालायच्या आधी बघायला हव्यात, म्हणजे कोंबडी मारायला हवी. आपल्या चित्रासाठी कुणाची अंड्यावरची कोंबडी मारा म्हणणं मास्तरांना जमेना.

पौषात नुरुद्दीन घरी आला. मेजवानीसाठी त्याच्या चुलत्याने, अब्दुस्समदने, पहाटे तीन कोंबड्या धरून कापल्या आणि अंधारात नको ती धरली. पिसं काढताना जैबुन्निसाला कळलं की ही रोज अंडं घालणारी. चुलतसासऱ्याला बोलता येईना, तेव्हा तिने भांड्यांवर राग काढला. पोट उघडलं तर आत मऊ, कच्च्या कवचाचं अंडं. तिने ते वाटीत ठेवलं आणि तैयबाला पिटाळलं, "मास्तरला बोलाव. भिंग घेऊन ये म्हनाव."

रविवार होता. मास्तर तोंड न धुता आले. ताटलीत अंडं ओतलं. पिवळा नेहमीसारखाच, पण त्या इवल्या ठिपक्यावर केसासारखी एक रेघ होती आणि तिला छेदून दुसरी. रेघा ठिपक्याच्या काठापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या. त्यांना इतका आनंद झाला की भिंग तैयबाकडे देऊन ते कागद शोधायला लागले. तिने त्यांच्यापेक्षा जास्त वेळ बघितलं.

"मास्तर, खाली काय न्हाय," ती म्हणाली. "पिवळा तसाच हाय. वरच चिरलाय."

"बरोबर. पुन्हा बघ. नीट बघून ठेव."

तिने तीनदा बघितलं आणि मास्तरांनी तिथेच ओट्यावर बसून चित्र काढलं.

पण एकावर थांबतील तर ते मास्तर कसले. पुढच्या आषाढात नागावच्या वाडीतल्या डबक्यात बेडकांची ती बुळबुळ दिसली, ताजी. मास्तर उजाडल्यापासून दुपारपर्यंत छत्री धरून उकिडवे बसले. भावाला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. ह्या अंड्याची वरची बाजू काळी आणि खालची फिकट, बलक सगळा खाली बसलेला. चीर वरून पडायची, काळ्या भागात झरझर उतरायची आणि फिकट भागात रेंगाळायची. होता होता वर बारीक फोडी झाल्या, खाली चार मोठ्या.

घरी येऊन त्यांनी नीराबाईंना सांगितलं. त्या खोबऱ्याच्या वड्या कापत होत्या. म्हणाल्या, "त्यात काय नवल? गूळ खाली बसला की वर वडी सुटते आणि तळाला सुरी अडते."

"आणि कोंबडीच्या अंड्यात सगळा गूळच."

"मग सुरी वरच्या खोबऱ्यातच राहणार."

मास्तर पुढे सांगत की मला सहा महिने लागले ते हिने वड्या कापता कापता सांगितलं. इंग्रजी पुस्तकातलं चित्रही खोटं नव्हतं. त्या समुद्रातल्या प्राण्याच्या अंड्यात बलक नावापुरता, सुरीला अडायला काहीच नाही, म्हणून तिथे सारख्या फोडी. खोटा होता तो पंतांनी घातलेला एक शब्द.

दोन्ही चित्रं घेऊन मास्तर पंतांकडे गेले. पंतांनी ऐकून घेतलं. पंत वाईट माणूस नव्हते, घाईत होते.

"दयाराम, मजकूर शाळाखात्याच्या कमिटीने मंजूर केलाय. एक शब्द बदलला तरी पुन्हा पाठवावा लागेल. वर्ष जाईल."

"पण पंत, कोंबडीचं असं होत नाही."

"मुलांना तत्त्व कळलं म्हणजे झालं. एकाचे दोन, दोनाचे चार. कोंबडी काय, कावळा काय."

"मी बघितलंय हो."

"मग असं करू. तुमच्या मनाला पटत नसेल तर पुण्याला एक चित्रकार आहेत. पण ते एकट्या चित्राला हात लावणार नाहीत, चोवीसही काढतील आणि नाव त्यांचं जाईल." असं म्हणून पंतांनी छापखान्यातून आलेला पहिल्या पानाचा कच्चा कागद पुढे सरकवला.

मास्तरांनी तो बघितला. नाव होतं. ठसठशीत, काळं, काना-मात्रेची एक चूक नाही.

"हा दोन दिवस घरी नेऊ?" त्यांनी विचारलं.

घरी त्यांनी नीराबाईंचं बोट धरून एकेका अक्षरावर ठेवलं. हा द, हा या. नीराबाईंनी पुन्हा पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "किती लहान दिसतं नाही, एवढ्या मोठ्या माणसाचं?" कागद गादीखाली ठेवला. मास्तर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंपास घेतला, गोल काढला, मधोमध रेघ मारली, शेजारी दुसरा गोल, त्याच्या चार फाकी. दहा मिनिटांत झालं. बघायचं काही नव्हतंच.

पुस्तक १९२८ साली आलं. मास्तरांनी एक प्रत विकत घेतली, खाकी पुठ्ठा चढवून कपाटात ठेवली. आल्यागेल्याला पहिलं पान दाखवत, पुढची पानं उलटायच्या आत पुस्तक काढून घेत. चोविसाव्या चित्राचं पान त्यांनी स्वतःही कधी उघडलं नाही. वर्षभराने त्यांना त्याची आठवण होईनाशी झाली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण झाकणाऱ्याला चार वर्षं झोप चांगली लागते.

नुरुद्दीनने बोटीवरून कळवलं होतं की मुलीला पत्र लिहिता-वाचता आलं पाहिजे. म्हणून तैयबा शिकत राहिली. मोहल्ल्यातून इंग्रजी शाळेत जाणारी ती एकटीच. १९३२ साली पंतांचं पुस्तक तिच्या वर्गाला लागलं. त्या वार्षिक परीक्षेच्या वेळी शास्त्राचे मास्तर मुदतीच्या तापाने पडले आणि त्यांच्या उत्तरपत्रिका तपासायला दयाराम मास्तरांकडे आल्या. ड्रॉइंगचे पेपर तपासायला असा कितीसा वेळ लागतो, म्हणून.

चौथा प्रश्न होता, 'कोंबडीच्या अंड्याची सुरुवातीची वाढ आकृती काढून सांगा. गुण पाच.' मास्तरांनी प्रश्न दोनदा वाचला. एकतीस मुलांनी मधोमध चिरलेला गोल काढला होता. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं. पाचपैकी पाच, पाचपैकी पाच, असं करत मास्तरांनी गठ्ठा संपवत आणला. तैयबाचा पेपर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिने बघितलं होतं. एक तरी पेपर खरा निघेल, अशी त्यांना आशा होती.

तिनेही तेच काढलं होतं. कंपासने, सुबक, दोन फोडी, मग चार.

मास्तर पेपर घेऊन तसेच मोहल्ल्यात गेले. जैबुन्निसा ओट्यावर तांदूळ निवडत होती, तैयबा बाजूला पुस्तक घेऊन बसली होती. मास्तरांनी पेपर तिच्यासमोर धरला.

"हे काय काढलंस?"

"फोडी, मास्तर."

"तू ताटलीत बघितलं होतंस ना? आठवत नाही?"

"आठवतो."

"मग?"

तैयबाने मान खाली घातली. "मला वाटला, मी ल्हान व्हते. माझीच नजर चुकली असंल. पुस्तकात पहिल्या पानावर तुमचं नाव हाय, मास्तर. तुमी बघितल्याबिगर काय काढत न्हाय."

जैबुन्निसा सूप बाजूला ठेवून म्हणाली, "वर्सभर मी हिला सांगते, बाई, तसा न्हाय. तर मलाच म्हनते, अम्मी, तुला काय कळतंय, मास्तरांनी छापलंय. आता तुमीच सांगा. माझी कोंबडी चुकली काय?"

मास्तर ओट्याच्या कडेवर बसले. त्यांना लाज वाटली. पंतांपुढे वाटली नव्हती, कंपास फिरवताना वाटली नव्हती, ती सगळी आता ह्या दोघींसमोर वाटली.

"तुझी नजर चुकली नव्हती," ते तैयबाला म्हणाले. "तुझ्या आईचंही चुकलेलं नाही. चित्र खोटं आहे. काढताना मला ठाऊक होतं."

तैयबा त्यांच्याकडे बघत राहिली. "मग काढलं कशाला?"

मास्तरांना पंतांचं नाव घेता आलं असतं, कमिटीचं घेता आलं असतं. ते म्हणाले, "नाव छापून यायचं होतं मला."

मास्तरांनी तिच्या हातातलं पुस्तक मागून घेतलं, चोविसाव्या चित्राचं पान उघडलं आणि पेपर तपासायची लाल पेन्सिल खिशातून काढून चित्राखाली लिहिलं, 'पाचपैकी शून्य. द. वि. राऊत.'

"मास्तर," तैयबा घाबरून म्हणाली, "पुस्तक शाळेचं हाय."

"असू दे. उद्या वर्गात सगळ्यांना हे पान दाखव. कुणी खराब केलं विचारलं तर माझं नाव सांग."